यादीत नसलेला प्राणी : निळ्या जिभेच्या सापसुरळीचा इतिहास कुठे शोधायचा?

समजा, उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर या पट्ट्यात लोक घरात कोणकोणते प्राणी पाळत आले, याचा इतिहास तुम्ही लिहायला घेतलात. गाई-म्हशींसाठी पशुगणना आहे, ती १९१९ पासून चालू आहे. जुन्या ठाणे जिल्ह्यासाठी १८८२ चं गॅझेटियर आहे. कुत्र्यांसाठी पालिकेचे परवाने आणि लसीकरणाच्या नोंदी धुंडाळता येतील. मग कुणीतरी तुम्हाला सांगतं की अमुक इमारतीत एकाने काचेच्या टाकीत 'ब्लू टंग' पाळलाय. आता याची नोंद कुठे शोधणार?

आधी प्राणी कोणता ते पाहू. सापसुरळी आपल्याला माहीत असते: गुळगुळीत चकाकणारं अंग, आखूड पाय, पालापाचोळ्यात सळसळत जाणारी. काही भागांत तिला 'सापाची मावशी' म्हणतात. ब्लू टंग ही तिची ऑस्ट्रेलिया, न्यू गिनी आणि इंडोनेशियातली दांडगी नातलग. लांबी दीड-दोन फुटांपर्यंत, डोकं मोठं, पाय इवलेसे, आणि कुणी अंगावर आलं की तोंड उघडून बाहेर काढायची ती गडद निळी जीभ. ती विषारी नाही. अंडी घालत नाही, थेट पिल्लांना जन्म देते. पानं, फळं, गोगलगायी, किडे सगळं खाते, म्हणून पाळायला सोपी समजली जाते. नीट ठेवली तर पंधरा-वीस वर्षं जगते. हा शेवटचा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

पहिली अडचण नावाची. मराठीत या प्राण्याला नाव नाही. वर्तमानपत्रांच्या जुन्या अंकांत तुम्ही 'ब्लू टंग' शोधत बसलात तर हाती काही लागणार नाही. बातमीदार 'विदेशी पाल', 'दुर्मीळ सरडा' किंवा नुसतं 'सरपटणारे प्राणी' असं लिहून मोकळे होतात. जप्तीच्या सरकारी पत्रकांतही बऱ्याचदा 'लिझार्ड' एवढाच शब्द आणि पुढे संख्या. म्हणजे सापसुरळी, इग्वाना आणि घोरपडीची परदेशी बहीण एकाच रकान्यात जमा. संशोधनाच्या तयारीत असलेल्या मित्रांना माझं पहिलं सांगणं असं की, शोधशब्दांची यादी करताना आजचा शब्द बाजूला ठेवा आणि नोंद करणाऱ्या माणसाच्या तोंडी कोणता शब्द असेल, तो आधी लिहा.

शास्त्रीय नावांचा माग मात्र छान लागतो. ऑस्ट्रेलियातली पूर्वेकडची ब्लू टंग पहिल्यांदा छापील कागदावर आली ती १७९० मध्ये, जॉन व्हाइट या शस्त्रवैद्याच्या न्यू साउथ वेल्सच्या प्रवासवर्णनात. कैद्यांना घेऊन गेलेल्या पहिल्या ब्रिटिश ताफ्याबरोबर हा माणूस तिथे गेला होता. पुढे १८२५ मध्ये जॉन एडवर्ड ग्रे यांनी या गटाला 'टिलिक्वा' हे वंशनाव दिलं. पण आपल्या कामाची गंमत १८०१ मध्ये आहे. योहान गॉटलोब श्नायडर हा मुळात ग्रीक-लॅटिनचा जर्मन पंडित. त्याने त्या वर्षी इंडोनेशियाकडच्या ब्लू टंगला 'गिगास' असं नाव दिलं, आणि त्याच वर्षी आपल्या अंगणात दिसणाऱ्या सापसुरळीलाही 'कॅरिनाटा' हे नाव दिलं. दोन्ही नावांपुढे आजही 'श्नायडर, १८०१' असंच लिहितात. एक मावशी इथेच राहिली. दुसरी दोनशे वर्षांनी विमानातून आली, आणि तिला हीट बल्ब मिळाला.

परदेशी प्राणी हौसेने ठेवणं मुंबई परिसराला नवीन नाही. ऑस्ट्रेलियातून तर एकोणिसाव्या शतकात बोटी भरभरून घोडे मुंबई बंदरात उतरत. न्यू साउथ वेल्सवरून त्यांना 'वेलर' म्हणत, आणि लष्करात त्यांना मोठी मागणी होती. (बदलापूरचं नाव घोडे बदलण्यावरून पडलं असं सांगतात. ती लोककथा आहे. प्रबंधात वापरायची झाल्यास लोककथा म्हणूनच वापरा.) १८८३ मध्ये स्थापन झालेल्या बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीच्या जागेत 'विल्यम' नावाचा धनेश १८९४ पासून १९२० पर्यंत राहिला. तिथले चिटणीस फिप्सन हे मद्याचे व्यापारी. विल्यमला जागा मिळाली, नाव मिळालं, शेवटी सोसायटीच्या बोधचिन्हावरही स्थान मिळालं. संस्थेतल्या एका पक्ष्याची सव्वीस वर्षं आज सहज सांगता येतात. उल्हासनगरमधल्या फ्लॅटमधल्या सापसुरळीचं एकही वर्ष सांगता येत नाही. प्राणी कुणाकडे होता, यावर त्याचा इतिहास उरणार की नाही हे ठरतं.

आता कायद्याकडे येऊ, कारण या प्राण्याचा जो काही कागद आहे तो बहुतेक तिथेच आहे.

स्वातंत्र्यानंतर मुंबई राज्यात १९५१ चा वन्य प्राणी व वन्य पक्षी संरक्षण अधिनियम आला, आणि मग १९७२ चा केंद्रीय वन्यजीव संरक्षण कायदा. १९७२ च्या कायद्याच्या अनुसूची वाचताना एक गोष्ट चटकन ध्यानात येत नाही, कारण ती तिथे लिहिलेली नाही: त्या याद्या मुळात भारतातल्या प्राण्यांच्या होत्या. घोरपड पाळली तर गुन्हा, चांदणी कासव ठेवलं तर गुन्हा. १९९०-९१ नंतर देशी पक्ष्यांचा व्यापारही बंद झाला, त्यामुळे पिंजऱ्यातला पोपटसुद्धा गुन्ह्यात आला. पण मकाव, इग्वाना, बॉल पायथन, ब्लू टंग यांच्याबद्दल कायदा दीर्घकाळ गप्प होता. विमानतळावर पकडले तर सीमाशुल्क कायदा लागे, आयात परवान्याचा आणि पशुरोग तपासणीचा प्रश्न येई. (त्यासाठीचा कायदा १८९८ चा, आणि तो लिहिताना समोर गुरंढोरं होती.) एकदा का प्राणी घराच्या आत गेला, की वनखात्याला त्याच्याशी देणंघेणं उरत नसे.

देशी प्राण्यांवर बंदी आली म्हणून लोक विदेशी प्राण्यांकडे वळले, असं सरसकट विधान अनेकदा वाचायला मिळतं. मला ते अर्धंच पटतं. पोपट पाळणाऱ्या आजीने पोपट गेल्यावर सापसुरळी आणली नसणार, हे उघड आहे. सरपटणारे प्राणी पाळणारा हौशी माणूस वेगळा आणि त्याची हौस वेगळ्या वाटेने आलेली. पण दुकानदाराच्या बाजूने पाहिलं तर त्या विधानात दम आहे. काउंटरवर उघड ठेवता येईल अशा मालाची यादी कायद्याने बदलली. देशी कासव टेबलाखाली गेलं आणि लाल कानाचं अमेरिकन कासव टेबलावर आलं. कारण मांडताना 'कुणासाठी?' हा प्रश्न विचारलात, तर अशा सरसकट विधानांतलं खरंखोटं आपोआप वेगळं होतं.

मग आला जून २०२०. केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने एक सल्लापत्र काढलं: ज्यांच्याकडे विदेशी जिवंत प्राणी आहेत त्यांनी सहा महिन्यांत स्वतःहून जाहीर करावं, त्यांच्याकडे खरेदीचे वा आयातीचे कागद मागितले जाणार नाहीत. मुदतीनंतर जाहीर करणाऱ्यांना मात्र कागद दाखवावे लागतील. लोकांनी या योजनेला माफी योजना म्हटलं. इतिहासाच्या विद्यार्थ्याला तर ती पर्वणीच वाटते. आयुष्यात पहिल्यांदा देशभरातली घरं आपल्या टाक्या आणि पिंजरे सरकारपुढे उघडून दाखवणार!

पण त्या पत्रातली 'विदेशी' या शब्दाची व्याख्या वाचा. विदेशी म्हणजे साइट्स या आंतरराष्ट्रीय कराराच्या परिशिष्टांत ज्यांची नावं आहेत तेवढेच प्राणी. भारत १९७६ पासून या करारात आहे. करारातल्या परिशिष्टांत धोक्यात असलेल्या आणि व्यापारामुळे धोक्यात येऊ शकणाऱ्या प्रजाती असतात, शिवाय एखाद्या देशाने आपल्यापुरती मदत मागून घातलेल्या प्रजाती असतात. ग्रे पॅरट त्यात होता, इग्वाना होता, बॉल पायथन होता. टिलिक्वा वंशातली एकही सापसुरळी २०२० मध्ये त्यात नव्हती.

म्हणजे नेमकं काय झालं ते पाहा. बदलापूरमधल्या एखाद्या प्रामाणिक पाळणाऱ्याकडे इग्वाना आणि ब्लू टंग असे दोन प्राणी असतील, तर त्याने इग्वाना जाहीर केला असेल आणि ब्लू टंग जाहीर करायची गरजच नव्हती. उद्या तुम्ही त्या घोषणापत्रांचे आकडे मिळवलेत, जिल्हावार तक्ता केलात आणि 'ठाणे जिल्ह्यात निळ्या जिभेच्या सापसुरळ्या आढळत नाहीत' असं लिहिलंत, तर तुमचा तक्ता बिनचूक आणि निष्कर्ष सपशेल खोटा असेल. त्या शून्यातून तुम्हाला प्रश्न विचारणाऱ्याबद्दल कळतं. प्राण्याबद्दल काहीच कळत नाही.

पुढचे टप्पे भराभर आले. जून २०२२ मध्ये ऑस्ट्रेलियाने आपल्या बऱ्याच पाली-सरड्यांची नावं साइट्सच्या तिसऱ्या परिशिष्टात घातली, त्यात टिलिक्वाच्या काही प्रजाती-उपप्रजाती होत्या. ऑस्ट्रेलिया आपले देशी सरपटणारे प्राणी व्यापारासाठी जिवंत निर्यात करू देत नाही. त्यामुळे बाहेरच्या बाजारातला ऑस्ट्रेलियन ब्लू टंग एकतर चोरीचा, नाहीतर इतर देशांत बंदिवासात वाढलेल्या पिढ्यांमधला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये पनामातल्या साइट्स परिषदेत दक्षिण ऑस्ट्रेलियातली छोटी पिग्मी ब्लू टंग थेट पहिल्या परिशिष्टात गेली. इंडोनेशियाची 'गिगास' मात्र ऑस्ट्रेलियाच्या यादीत असण्याचा प्रश्नच नव्हता, कारण ती ऑस्ट्रेलियाची नाहीच. इकडे भारतात डिसेंबर २०२२ मध्ये वन्यजीव कायद्यात दुरुस्ती झाली आणि ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली. तिने साइट्सच्या प्राण्यांसाठी स्वतंत्र प्रकरण आणि चौथी अनुसूची आणली. फेब्रुवारी २०२४ मध्ये नोंदणीचे नियम आले: परिवेश पोर्टलवर सहा महिन्यांत नोंद करा, मग जन्म, मृत्यू, हस्तांतर सगळं कळवा.

म्हणून 'ब्लू टंग पाळणं कायदेशीर आहे का?' या प्रश्नाला 'कोणती, कधी आणली, कोणत्या कागदावर?' हेच उत्तर आहे. दिसायला जवळजवळ सारख्या दोन प्राण्यांपैकी एक यादीत आणि एक यादीबाहेर, हे होऊ शकतं. आणि तोच प्राणी मंगळवारी यादीबाहेर असून बुधवारी यादीत, हेही. तुमच्या टिपणांत प्रत्येक कायदेशीर विधानापुढे तारीख लिहायची सवय लावून घ्या. मी तर कायद्याच्या तारखांसाठी वेगळी वहीच ठेवतो.

कागदाचा दुसरा ढीग जप्तीचा. ऑक्टोबर २०२२ मध्ये महसूल गुप्तचर संचालनालयाने मुंबईच्या एअर कार्गोत शोभेच्या माशांच्या नावाखाली आलेला माल उघडला. आत ६६५ प्राणी होते, त्यांतले ११७ मेलेले. जून २०२५ च्या सुरुवातीला थायलंडहून आलेल्या एका प्रवाशाच्या सामानात मुंबई विमानतळावर ४७ विषारी साप आणि पाच कासवं सापडली. त्याआधी फेब्रुवारी २०२५ मध्ये आपल्या पट्ट्याच्या शेजारी, डोंबिवलीच्या पलावा वसाहतीतल्या एका फ्लॅटमधून ओरांगउटानच्या पिल्लासह विदेशी सरपटणारे प्राणी वनखात्याने ताब्यात घेतले. विमानतळावरून लोकलच्या डब्यापर्यंत ही साखळी कशी पोचते, ते डोंबिवलीच्या उदाहरणात थोडं तरी दिसतं.

जप्तीचे कागद वाचताना ११७ च्या आकड्यावर थोडं थांबा. साडेपाच-सहा प्राण्यांमागे एक मेला होता, आणि ही मोजणी झाली ती पेटी पकडली गेली म्हणून. न पकडलेल्या पेट्यांत किती मेले, हे लिहून ठेवणं कुणाच्याही फायद्याचं नाही. घरात जिवंत पोचलेला प्राणी हा त्या प्रवासातून वाचलेला प्राणी असतो, आणि पाळणारा मनापासून त्याची काळजी घेत असला तरी हा भाग त्याला दिसलेला नसतो. पाळणाऱ्यांशी बोलताना मला हे सतत डोक्यात ठेवावं लागतं, नाहीतर गोष्ट फार गोड होऊन जाते.

एक व्यावहारिक सूचना: माहितीच्या अधिकारात अर्ज करणार असाल तर कार्यालय नीट निवडा. महसूल गुप्तचर संचालनालय त्या कायद्याच्या दुसऱ्या अनुसूचीत आहे, म्हणजे सहसा माहिती देण्यास बांधील नाही. सीमाशुल्क आयुक्तालयाला तशी सूट नाही, पण चालू तपासाला अडथळा येईल अशी माहिती तेही नाकारू शकतात. जुनी, निकाली निघालेली प्रकरणं मागा.

आता घराच्या आत. इथे सरकारी कागद संपतात आणि खरी मजा सुरू होते. ब्लू टंग पाळणारा माणूस नकळत भरपूर नोंदी करत असतो. टाकीच्या एका टोकाला पस्तीस अंशांच्या आसपास ऊब लागते, दुसरं टोक थंड हवं. इंडोनेशियातल्या प्रजातीला दमट हवा चालते, ऑस्ट्रेलियातल्या कोरड्या मुलखातलीला ती सोसत नाही. बदलापूरचा जुलै म्हणजे भिंतींना पाणी सुटलेलं असतं. त्यामुळे कोणत्या घरात कोणती प्रजाती टिकली, हे पावसाळ्याच्या नोंदींवरूनही ताडता येतं. वीज गेली की हीट बल्ब गेला. अतिनील किरणांचा दिवा आणि कॅल्शियम नसेल तर हाडं मऊ पडतात. म्हणून वजनाची, कातीची, खाण्याची वही, डॉक्टरांची चिठ्ठी, दिव्याचं बिल, मोबाइलमधले तारखेसकट फोटो, हे सगळं तुमचं दप्तर आहे. उल्हासनगरचा इतिहास आपण नेहमी १९४९ पासून, निर्वासितांच्या कॅम्पांपासून, कारखान्यांपासून सांगतो, आणि ते बरोबरच आहे. पण त्याच कॅम्प नंबरांच्या पत्त्यावर आलेल्या कुरिअरच्या पावत्याही इतिहासच आहेत.

हे दप्तर मागण्याआधी मात्र एक गोष्ट पक्की समजून घ्या. ज्याच्या मुलाखतीला तुम्ही बसलाय, तो कदाचित स्वतःविरुद्धचा पुरावा तुमच्या हाती देतोय. वकील आणि अशील यांच्यातल्या बोलण्याला आपल्याकडे कायद्याचं संरक्षण आहे. संशोधक आणि माहिती देणारा यांच्यातल्या बोलण्याला तसं काही नाही. संमतीपत्रावर सही घेतली की झालं, असं बऱ्याच विद्यार्थ्यांना वाटतं. पण सही म्हणजे नाव, आणि नाव म्हणजे पत्ता. तुमची वही कुणी मागितली तर ते संमतीपत्रच त्याला पहिल्यांदा सापडेल. म्हणून विद्यापीठाच्या नैतिकता समितीकडे आधीच तोंडी, ध्वनिमुद्रित किंवा निनावी संमतीची परवानगी मागा. इमारत, मजला, दुकान टिपणात लिहूच नका. फोटो घेतलाच तर त्यातलं ठिकाण पुसा. आणि प्राणी कुठून आला हा प्रश्न शेवटपर्यंत विचारला नाहीत तरी प्रबंध होतो. मी तो विचारत नाही. त्याने माझ्या प्रबंधाला एक भगदाड पडतं, ते मी प्रस्तावनेत कबूल करणार आहे.

दुसरी बाजूही आहे आणि ती मला सोडवत नाही. याच गुप्ततेमुळे प्राण्याचं नुकसान होतं. नोंद करायची भीती असलेला माणूस आजारी प्राणी डॉक्टरकडे न्यायलाही कचरतो. २०१५ मध्ये आणलेली ब्लू टंग नीट ठेवली तर २०३० च्या पुढेही जगेल. एवढ्या काळात कायदा दोनदा बदलला, पाळणाऱ्याचं लग्न झालं असेल, नोकरी पुण्याला गेली असेल. प्राणी कुणाकडे द्यायचा? हस्तांतराला कागद लागतो, कागद नाही. मग रात्री उल्हास नदीच्या काठी सोडून देणं हा मार्ग उरतो, जसा लाल कानाच्या कासवांच्या बाबतीत तळ्यांमध्ये झाला. एकट्या सापसुरळीसाठी तो बहुधा मरणाचाच मार्ग. माझ्या गुप्ततेच्या काटेकोरपणाने मी पाळणाऱ्याला वाचवतो आणि प्राण्याला विसरतो, असा आक्षेप कुणी घेतला तर माझ्याकडे तयार उत्तर नाही. तुमच्याकडे असेल तर लिहा.

जाता जाता आपल्या अंगणातल्या मावशीकडे. तीसुद्धा बिनविषारीच, पण साप समजून किंवा 'चावली तर माणूस जगत नाही' या समजुतीने चपलेखाली जाते. तिच्या कुळाचा महाराष्ट्रातला कागद तसा बरा आहे: गडचिरोलीतल्या आलापल्लीच्या नावाची एक सापसुरळी कार्ल श्मिट यांनी १९२६ मध्येच वर्णन करून ठेवली, माल्कम स्मिथ यांच्या १९३५ च्या ग्रंथात ब्रिटिश हिंदुस्थानातल्या पाली-सरड्यांची पद्धतशीर मांडणी आहे. कल्याणपासून बदलापूरपर्यंत प्रत्येक गावात सर्पमित्र आहेत. पावसाळ्यात उल्हास आणि वालधुनीचं पाणी चढलं की त्यांचे फोन थांबत नाहीत, आणि त्यांच्यातले काही जण कॉलची वही ठेवतात: तारीख, जागा, काय निघालं, कुठे सोडलं. ज्यांना छोटा, एका सत्रात होणारा विषय हवा आहे, त्यांनी अशी एक वही मालकाच्या परवानगीने घ्यावी. 'साप आला' म्हणून आलेल्या किती फोनांमागे प्रत्यक्षात सापसुरळी निघाली, आणि सर्पमित्र पोचेपर्यंत त्यांतली किती जिवंत होती, एवढंच मोजावं.